तिसऱ्या नंबरची शिट्टी

१

गणिताच्या सरांचं प्रेत ओढ्यावरच्या साकवाच्या खांबाला अडकलेलं सापडलं. भोवती गाळ, कुजका पाला, डोंगरावरून कुणी कुणी भिरकावलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, आणि त्या सगळ्या घाणीत मधोमध सर. गुरं शोधायला निघालेल्या गावकऱ्यांनी त्यांना ओढ्यातून बाहेर काढलं आणि एका दाराच्या फळीवर घालून थेट दवाखान्यात आणलं. घाटात दरड कोसळली होती, त्यामुळे पोलीस संध्याकाळशिवाय पोहोचत नव्हते.

डॉक्टरीणबाईंना पावसाळ्याचा मुळातच तिटकारा. पावसाळा म्हणजे दवाखान्याच्या भिंतींना बुरशी, कापसाच्या गठ्ठ्यांना कुबट वास, आणि डोंगरावरून उतरणारी ही शहरी टोळकी. मुरगळलेले पाय, फुटलेले गुडघे, जळवांनी फोडलेले घोटे, आणि तरीही तोंडी एकच पालुपद, काय मजा आली! कसली डोंबलाची मजा? चिखलात लोळायचं तर म्हशीलासुद्धा ऊन लागावं लागतं. यांना तेही लागत नाही.

पण आज नुसतं नाक मुरडून भागणार नव्हतं. कारण या टोळक्याच्या शेवटी चालणारी मुलगी त्यांची सख्खी भाची होती. बहीण गेल्यापासून तिला त्यांनीच वाढवलेलं. दोन पावसाळे ती कॅप्टनच्या हाताखाली पिछाडीचं काम करत होती. पिछाडी म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. आणि हा कॅप्टन, म्हणजे ही सहल काढणारा, ज्याला सगळे कौतुकाने कॅप्टन म्हणत, तो व्हरांड्यात उभा राहून गावकऱ्यांना शांतपणे समजावून सांगत होता की मागची जबाबदारी पूर्णपणे तिची असते, माणूस मागे राहिला याचा अर्थ तिने तो ठेवला, पोरगी गुणी आहे, पण चूक ती चूक, पोलिसांना खरं सांगावंच लागेल.

डॉक्टरीणबाईंनी खिडकी आपटून लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची तयारी त्यांना चांगली ओळखू येत होती. फक्त चोर कोण, ते अजून कळायचं होतं.

भाची आतल्या खोलीत, ओल्या कपड्यांतच, तपासायच्या टेबलाला टेकून जमिनीवर बसली होती. पाच जण होते, ती सांगू लागली. धुकं इतकं की स्वतःचा हात दिसत नव्हता. अशा वेळी माणसं डोळ्यांनी मोजत नाहीत, नंबर घेतात. कॅप्टन पुढून 'एक' ओरडतो, मग एकेक जण आपापला नंबर ओरडतो. कॅप्टन एक, सरांचा मेहुणा दोन, सर तीन, फोटोवाला चार आणि पिछाडीला ती, पाच.

"पण सरांचा आवाज तर पार गेला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर्गात ओरडून ओरडून घसा बसलेला. काल संध्याकाळी त्यांनीच तपासून सरांना तोंडातून चकार शब्द काढू नका म्हणून बजावलं होतं.

"म्हणून तर त्यांची शिट्टी ठरली होती. तीन म्हणायच्या ऐवजी शिट्टी." भाचीने वर पाहिलं. "मावशी, रानाच्या वर आणि रानाच्या खाली, असा दोनदा नंबर घेतला. दोन्ही वेळा शिट्टी आली गं. मी कशाला मागे वळू?"

२

डॉक्टरीणबाईंनी प्रेतावरची चादर बाजूला केली. शिट्टी गळ्यातच होती, तिची दोरी उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेली. नाकातोंडाशी फेस. म्हणजे माणूस पाण्यात बुडून मेला होता, मरून पाण्यात पडला नव्हता. डावा घोटा मोडलेला, आणि तो भोपळ्यासारखा सुजून काळानिळा झालेला. बाई त्या सुजेकडे बराच वेळ बघत राहिल्या. मेलेल्याचा पाय सुजत नाही. घोटा मोडल्यावर सर चांगले तासभर तरी जिवंत होते.

मग त्यांनी सरांच्या पायांवरचा गाळ पुसला. घोटे, पोटऱ्या, बोटांमधल्या बेचक्या. नखाएवढीही जागा सोडली नाही. सरांनी सॅंडल घातल्या होत्या, पाय उघडेच होते. आणि त्या उघड्या पायांवर जळूचा एकही चावा नव्हता.

बाहेरच्या बाकावर मात्र जळवांनी नुसतं थैमान घातलं होतं. मेहुण्याच्या मोज्यांतून रक्त ओघळत होतं. फोटोवाल्याच्या बोटांमध्ये एक टम्म फुगलेली जळू अजून लोंबत होती आणि तो तिच्याकडे कौतुकाने बघत होता. शी! भाचीने मोज्यांना तंबाखूचं पाणी लावलं होतं, तरी तिच्या घोट्यांवर चाव्यांची रांग होती. त्या रानातून पावसाळ्यात चालायचं आणि जळू लागू द्यायची नाही, हे देवालाही जमायचं नाही. आणि जळू चावली की तिथली तीन टोकांची खूण पाण्याने धुऊन जात नसते.

म्हणजे सर रानातून चाललेच नव्हते.

वरून उतरताना आधी कातळाचा टप्पा लागतो. तो दोराला धरून उतरायचा. कातळाच्या पायथ्याशी खोल घळीच्या काठाने एक अरुंद वाट जाते, आणि काही पावलांवर, त्याच काठाला लागून, रान सुरू होतं. घळीत खाली ओढा आणि नुसता उघडा खडक. सर त्या वाटेवरच घसरले असणार. भाची त्या वेळी वर होती, कातळावर बांधलेला दोर सोडवत. शेवटच्या माणसाचं ते कामच असतं, मग तो दोराशिवाय उतरतो. ती खाली आली तेव्हा सर घळीत पडलेले होते आणि धुकं सगळ्यावर पांघरूण घालून बसलं होतं. त्यानंतर ओढ्याला लोंढा आला आणि त्याने सरांना साकवापर्यंत आणून सोडलं.

इथपर्यंत सगळं जुळत होतं. पण दुसरा नंबर रान संपल्यावर, साकवाच्या अलीकडे घेतला होता. सर तेव्हा कितीतरी वर, मोडक्या पायाने खडकावर पडलेले होते. मग तिथे त्यांच्या नंबरावर शिट्टी वाजवली कुणी?

३

मेहुणा बिस्किटं खात होता. बहिणीचा नवरा आत फळीवर पडलेला, आणि हा गृहस्थ चहात बिस्किट बुडवून ते मोडायच्या आत तोंडात टाकण्याच्या खटपटीत. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या घोट्यावर जंतुनाशक जरा सढळ हातानेच ओतलं.

त्याचं म्हणणं, सरांनी वर माथ्यावर त्याच्याशी भांडण काढलं. आवाज नसलेल्या माणसाने भांडण कसं काढलं, असं बाईंनी विचारल्यावर तो जरा अडखळला. बोलत होतो मीच, म्हणाला. म्हातारी आई कुणाकडे राहणार यावरून बोलणं निघालं होतं, सर नुसते मान हलवत होते, आणि नुसती मान हलवणाऱ्या माणसाचा फार राग येतो. त्यामुळे उतरताना त्याने ठरवूनच मागे वळून पाहिलं नाही. सर त्याच्या पाठोपाठ दोराने उतरले एवढं त्याला ठाऊक होतं.

"शिट्टी कुठून आली?" बाईंनी विचारलं.

हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. शिट्टी आली का, एवढंच सगळे विचारत होते. मेहुण्याने बिस्किट खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच विचार केल्यासारखा चेहरा केला.

"पहिली मागून आली. दुसरी," तो थांबला. "दुसरी पुढून आली, बाई. मला वाटलं, रुसून मला ओलांडून पुढे गेले असतील."

"आणि तुमच्या पुढे कोण होतं?"

"पुढे कॅप्टन. म्हणजे मध्ये, रानाच्या तोंडाशीच, तो लघवीला म्हणून वाट सोडून बाजूला गेला होता. पण नंतर धापा टाकत मला ओलांडून पुन्हा पुढे गेला."

फोटोवाल्याला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो आत फळीपाशी उभा राहून सरांचे फोटो काढत होता. चादर त्यानेच थोडी सरकवली होती, उजेड नीट पडावा म्हणून. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे बाईंनी ऐकलं होतं, आज ती आपल्याच दवाखान्यात बघायची वेळ आली. त्यांनी कॅमेरा त्याच्या हातातून काढून घेतला आणि औषधांच्या कपाटात कुलूपबंद केला. त्याने कुरकुर केली, पण बाईंच्या डोळ्यांकडे पाहून ती गिळली.

सर कुठे घसरले हे त्याला माहीत नव्हतं. दोरावरून उतरल्यावर तो कॅमेरा गुंडाळत मागेच रेंगाळला होता, पुढचं काही दिसतही नव्हतं. पहिली शिट्टी मात्र त्याला चांगली आठवत होती. डावीकडून आली, खालच्या बाजूने. आणि एकदा नाही, वाजतच राहिली, लागोपाठ, थांबायलाच तयार नाही.

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"आम्हाला हसू आलं," तो म्हणाला. "मी म्हटलंसुद्धा, मास्तर वर्ग भरवतायत. सगळे हसलो."

डॉक्टरीणबाईंनी चादर पुन्हा सरांच्या तोंडावर ओढली. घळीत मोडक्या पायाने पडलेला, घशातून आवाज न फुटणारा माणूस जीव खाऊन मदतीसाठी शिट्टी फुंकत होता, आणि वर धुक्यात उभे राहून हे लोक ती हजेरी समजले होते. तीन नंबर हजर! शिट्टी म्हणजे मी आलोय, असं ठरवणाऱ्यांनी एवढाही विचार केला नव्हता की उद्या त्याला शिट्टीने दुसरं काही सांगायचं असलं तर काय.

म्हणजे पहिली शिट्टी खरी होती, सरांचीच. खोटी होती ती दुसरी. ती ज्याने वाजवली त्याला सर येणार नाहीत हे आधीच ठाऊक होतं.

४

कॅप्टन आत येऊन अदबीने खुर्चीत बसला. बाकीचे चिखलाने लडबडलेले, हा मात्र स्वच्छ. आल्या आल्या त्याने कपडे बदलले होते. केस विंचरलेले, अंगात कोरा पांढरा टी-शर्ट. तो भाचीबद्दल हळहळला. तिचं नुकसान होऊ नये म्हणून पोलिसांशी आपण सौम्य भाषेत बोलू, म्हणाला. माणूस नाकाने कांदे सोलायला लागला की बाईंच्या कपाळात शीर उठायची, तशी ती उठली.

वाटेत कुठे थांबलात का, असं त्यांनी विचारलं. फक्त लघवीला, तेही उभ्या उभ्या. खाली बसलात, टेकलात, आडवे झालात? छे, पावसाळ्यात रानात बसायचं नाही हा तर आमचा पहिला धडा. मग जळवा कुठे लागल्या, घोट्यांना मलमपट्टी करून देते.

"मला नाही लागत मॅडम. सवयीच्या माणसाचं रक्त त्यांना आवडत नाही."

त्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर, पोटापाशी, लाल ठिपका उमटला होता. बोलता बोलता तो रुपयाएवढा झाला. त्याच्या शेजारी दुसरा उमटत होता. जळू सुटली तरी चाव्यातून रक्त कितीतरी वेळ झिरपत राहतं, हे सवयीच्या माणसालाही ठाऊक असायला हवं होतं.

"शर्ट वर करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फांदी लागली असेल, असं तो म्हणाला. बाईंनी पुन्हा तेच शब्द त्याच आवाजात सांगितले. पोटावर, छातीवर, दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला चावे होते. उभ्याने चालणाऱ्या माणसाला जळू पायांवर सापडते. पोट, छाती आणि कोपरं तिला एकदम देणारा माणूस पाचोळ्यात पालथा झोपलेला असतो. आणि रानाच्या तोंडाशी, भर पावसात, पालथं झोपून बघण्यासारखी एकच गोष्ट आहे. घळीचा काठ आणि त्याच्या खाली काय आहे ते.

"तुम्ही धुक्यात वाट सोडून काठाकडे गेलात," बाई म्हणाल्या. "सगळे हसले, पण तुमचा कान तयार. शिट्टी खालून आली हे तुम्हाला कळलं. तुम्ही काठावर झोपून डोकावलात, धुकं जरा फाटलं आणि सर तुम्हाला दिसले. मग पुढे येऊन, साकवापाशी, त्यांच्या नंबरावर तुम्हीच आपली शिट्टी वाजवलीत."

कॅप्टनने आपल्या टी-शर्टवरचे ठिपके अंगठ्याने चोळले. मग त्याने मान वर केली, आणि चेहऱ्यावर लाज नव्हती. काहीशी नाराजी होती, आपल्याला कुणी समजूनच घेत नाही अशी.

"मॅडम, ओढा चढत होता. घळीत उतरलो असतो तर आम्ही सगळे तिकडेच अडकलो असतो. चार जणांना वाचवायचं की एकाला, हा निर्णय पुढच्या माणसाला घ्यावा लागतो. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला कळेल."

"कळतं ना," बाई म्हणाल्या. "एवढं कळलं. पण खाली आल्यावर? साकवापासून गावात हाक जाते. दोर आहेत, घळीत उतरणारे लोक आहेत. ते साकवाखाली उतरलेच की, प्रेत काढायला. तुम्ही खाली येऊन त्यांना का सांगितलं नाहीत?"

त्याने टी-शर्ट खाली ओढून सारखा केला.

"सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, वरतीच का नाही सांगितलं."

खोलीच्या दारात मेहुणा उभा होता. त्याच्या मागे फोटोवाला. दोघांनीही ऐकलं होतं. मेहुण्याच्या हातातला कप तिरका होऊन चहा त्याच्याच पायावर सांडत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, या माणसाला हात लावून आता साबणाने कितीही धुतलं तरी आपले हात स्वच्छ होणार नाहीत. आजवर त्यांनी सडलेली गळवं फोडली होती, किडे पडलेल्या जखमा धुतल्या होत्या, पण अशी शिसारी कधी आली नव्हती. प्रतिष्ठा जाऊ नये म्हणून या माणसाने आधी खोटी शिट्टी वाजवली, मग चहा मागितला, कपडे बदलले, भांग पाडला आणि एका पोरीच्या गळ्यात खून अडकवायला व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

"त्यांनी मला बघितलं नाही," कॅप्टन म्हणाला, जणू त्यामुळे काही हलकं होणार होतं. "पाठ होती माझ्याकडे. गप्प बसले होते खडकाला टेकून. शिट्टीही वाजवत नव्हते. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे."

बाई उठल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. हे काही त्यांना जुळेना. गळ्यात शिट्टी, हात धड, छातीत श्वास, बाजूला चढतं पाणी, आणि माणूस गप्प? आधी जीव खाऊन वाजवणारा माणूस एकाएकी थांबेल कशाला?

५

भाची अजून तिथेच बसली होती. बाईंनी तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. येताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पोरीला सांगायचं, दोन्ही शिट्ट्या त्याच हरामखोराच्या. पोलिसांनाही तेच सांगायचं. मेहुणा आणि फोटोवाला काय, आधी ज्या वाऱ्याने डोलले त्याच वाऱ्याने पुन्हा डोलतील. खोट्याचा आयुष्यभर राग केला, पण एक खोटं बोलून पोरीची झोप शाबूत राहणार असेल तर ते बोलायला त्या तयार होत्या. स्वतःबद्दल थोडी किळस वाटली, तीही त्यांनी बाजूला सारली.

"कॅप्टनचं काम आहे सगळं," त्या म्हणाल्या. "त्याने कबूल केलंय, दोघांच्या देखत. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. दोन्ही वेळा त्यानेच वाजवली होती शिट्टी."

"नाही गं मावशी," भाची म्हणाली. "पहिली खालून आली होती. मी सगळ्यात मागे होते ना, सगळ्यात जवळ मीच होते. कॅप्टन तर पार पुढे होता."

बाईंनी तिचा हात धरला. तो गारठलेला होता.

"ती सरांची होती ना?"

बाईंच्या तोंडून नाही निघेना. हो म्हणायचंही धैर्य झालं नाही. पोरीला उत्तर मिळायचं ते मिळालं.

मग तिने सगळं विचारलं. सर कुठे पडले होते, किती वेळ जिवंत होते, कॅप्टनने बघितलं तेव्हा काय करत होते. बाईंनी सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. गप्प बसले होते म्हणे, असंही सांगितलं, ते का बसले असतील ते मला काही उलगडत नाही, असंही.

भाची टॉवेलच्या टोकाशी चाळा करत होती. तो थांबला.

"नंबर घेऊन झाला ना, की शेवटी पिछाडीला ओरडावं लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांचे आले, आता चालू लागा, हे पुढे कळावं म्हणून. मोठ्याने ओरडायचं असतं, दरीत घुमेल असं."

"काय ओरडायचं?"

"ऐकलं!" ती म्हणाली, अगदी हळू. "मी ओरडले, मावशी. शिट्टी वाजतच होती म्हणून दोनदा ओरडले. ऐकलं सर, ऐकलं! आणि मग ते थांबले."

बाहेर जीपचा आवाज आला. दरड बाजूला झाली असावी. व्हरांड्यात माणसांची गडबड उडाली, मेहुण्याचा चढलेला आवाज आणि त्यावर कॅप्टनचा समजूतदार आवाज ऐकू आला. डॉक्टरीणबाईंनी भाचीला जवळ ओढलं. हे तू कुणाला सांगू नकोस, त्या म्हणाल्या. हे कुणी विचारणार नाही, यात तुझा काडीचा दोष नाही, तू फक्त ठरलेलं केलंस. कॅप्टनने काय केलं तेवढं पुरे आहे पोलिसांना.

"त्याने काय केलं ते तू सांग," भाची म्हणाली. "मी काय केलं ते मी सांगते. सरांच्या घरच्यांना निदान कळू दे की शेवटी त्यांना वाटत होतं, कुणीतरी येतंय."

ती भिंतीला धरून उठली, टॉवेल टेबलावर ठेवला आणि ओल्या पायांनी व्हरांड्याकडे चालू लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला अडवलं नाही.